दम्याचे नियंत्रण आणि स्वव्यवस्थापन

दम्याचे नियंत्रण म्हणजे उपचार सुरू असताना दम्याची लक्षणे कितपत आटोक्यात आहेत आणि पुढे तीव्र झटका येण्याचा धोका किती आहे, याचा एकत्रित अंदाज होय. असा अंदाज ठरावीक काळाने घेणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्यानुसार उपचार वाढवणे किंवा कमी करणे याला नियंत्रणाचे मूल्यमापन म्हणतात. या कामातील दैनंदिन वाटा रुग्णाने डॉक्टरांच्या लेखी मार्गदर्शनानुसार स्वतः उचलणे, याला स्वव्यवस्थापन असे म्हणतात. स्वव्यवस्थापन म्हणजे मनाने औषध घेणे नव्हे. कोणत्या स्थितीत कोणते औषध किती वाढवायचे आणि रुग्णालय केव्हा गाठायचे, हे निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी रुग्ण बरा असतानाच ठरवून ठेवलेले असतात. प्रत्यक्ष त्रास सुरू झाल्यावर रुग्ण केवळ त्यांची अंमलबजावणी करतो.

दमा हा दीर्घकालीन आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार मृत्यू दम्यामुळे झाले. यांतील पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. म्हणूनच नियंत्रणाचे मूल्यमापन आणि स्वव्यवस्थापन यांना दम्याच्या उपचारात औषधांइतकेच महत्त्व दिले जाते.

शब्दाचा उगम

'दमा' हा शब्द मराठीत फारसीतून आला असून त्याचा संबंध श्वास या अर्थाच्या 'दम' या शब्दाशी आहे. 'दम लागणे', 'दम खाणे', 'दम टाकणे' हे मराठी वाक्प्रचार त्याच मूळ अर्थाचे आहेत. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमक श्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते.

पार्श्वभूमी

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ टिकणारी दाहयुक्त सूज असते. अशा नलिका अतिसंवेदनशील बनतात. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, सर्दीपडसे किंवा श्रम यांपैकी एखादे निमित्त मिळताच त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात, कफ वाढतो आणि हवेचा मार्ग अरुंद होतो. त्यामुळे खोकला, छातीत घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणे आणि धाप लागणे ही लक्षणे दिसतात. ती दिवसागणिक बदलतात आणि बहुधा रात्री किंवा पहाटे वाढतात.

या दुहेरी स्वरूपामुळे औषधेही दोन प्रकारची असतात.

१. तातडीचे औषध: सालब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांत आराम पडतो. मात्र आतील सूज कमी होत नाही.

२. नियमित औषध: ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड मूळ सूज कमी करते. त्याचा परिणाम दिसू लागण्यास काही दिवस आणि पूर्ण लाभ होण्यास काही आठवडे लागतात.

स्वव्यवस्थापनातील मुख्य अडचण येथेच आहे. ज्या औषधाने लगेच बरे वाटते त्यावर रुग्णाचा विश्वास बसतो, आणि जे औषध आजार आटोक्यात ठेवते त्याचा तात्काळ अनुभव येत नसल्याने ते मागे पडते. लक्षणे थांबली म्हणजे दमा गेला, असा समज होऊन नियमित औषध बंद केले जाते. सूज मात्र वाढत राहते आणि एखाद्या निमित्ताने तीव्र झटका येतो.

इतिहास

ठरावीक मात्रा देणारा दाबयुक्त इनहेलर १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. सालब्युटामॉल १९६९ मध्ये आणि श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड १९७२ मध्ये उपलब्ध झाले. दरम्यान १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याच्या मृत्यूंमध्ये अचानक वाढ झाली. तिचा संबंध आयसोप्रेनालिन या औषधाच्या तीव्र मात्रेच्या पंपांशी जोडला गेला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये अशीच लाट आली. फेनोटेरॉल या औषधाशी तिचा संबंध दाखवणारे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्या औषधाचा वापर मर्यादित करण्यात आला आणि मृत्यूंचे प्रमाण घटले. केवळ तातडीच्या औषधावर विसंबून राहणे घातक ठरू शकते, हे या दोन्ही घटनांनी दाखवून दिले.

श्वासाचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर हे उपकरण ब्रिटिश संशोधक बेसिल मार्टिन राइट यांनी विकसित केले. त्याविषयीचा शोधनिबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकात त्याची लहान आणि स्वस्त आवृत्ती निघाली आणि रुग्णाला घरच्या घरी मोजमाप करणे शक्य झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमध्ये क्रेडिट कार्डाच्या आकाराचा कृती आराखडा तयार करण्यात आला. त्याच्या एका बाजूला पीक फ्लोच्या आकड्यांनुसार आणि दुसऱ्या बाजूला लक्षणांनुसार काय करावे हे छापलेले होते. दम्याचा धोका अधिक असलेल्या माओरी समाजात त्याचा वापर करून पाहण्यात आला.

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्था यांच्या सहकार्याने 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा', म्हणजेच 'जिना', हा उपक्रम सुरू झाला. त्याची मार्गदर्शक तत्त्वे जगभर वापरली जातात. १९९८ पासून मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पाळला जातो.

नियंत्रण आणि तीव्रता यांतील फरक

दम्याची तीव्रता आणि नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षणे आटोक्यात ठेवण्यासाठी किती प्रखर उपचार लागतात यावरून तीव्रता ठरते. सध्याच्या उपचारांवर रुग्णाची स्थिती कशी आहे, हे नियंत्रण सांगते. तीव्र दम्याचा रुग्ण योग्य उपचारांनी पूर्ण नियंत्रणात असू शकतो, तर सौम्य दम्याचा रुग्ण औषध टाळल्यामुळे अनियंत्रित अवस्थेत असू शकतो. सौम्य समजल्या गेलेल्या रुग्णांनाही प्राणघातक झटका येऊ शकतो.

नियंत्रणाचे मूल्यमापन

लक्षणांवरून मूल्यमापन

'जिना'च्या पद्धतीत प्रौढ व मोठ्या मुलांना मागील चार आठवड्यांबाबत पुढील चार प्रश्न विचारले जातात.

- दिवसा दम्याची लक्षणे आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा जाणवली का?
- दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का?
- लक्षणांसाठी तातडीचे औषध आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा घ्यावे लागले का?
- दम्यामुळे कोणत्याही कामावर किंवा हालचालीवर मर्यादा आली का?

चारही उत्तरे 'नाही' असल्यास दमा चांगल्या नियंत्रणात आहे असे मानतात. एक किंवा दोन उत्तरे 'होय' असल्यास नियंत्रण अंशतः असते, तर तीन किंवा चार 'होय' असल्यास दमा अनियंत्रित समजला जातो. तिसरा प्रश्न तातडीच्या औषधापुरताच आहे. एकाच पंपात स्टेरॉइड व फॉर्मोटेरॉल असणारे औषध गरजेनुसार घेणाऱ्या रुग्णांना तो तसाच लागू करत नाहीत.

'कसे आहात?' या प्रश्नाला बहुतेक रुग्ण 'बरे आहे' असेच उत्तर देतात. जिने चढताना मध्येच थांबणे, पहाटेच्या खोकल्याने उठून बसणे किंवा खेळाच्या तासाला मूल कडेला बसून राहणे या गोष्टी सवयीच्या होतात आणि त्या आजाराची लक्षणे वाटेनाशा होतात. नेमके प्रश्न विचारल्याने ही लपलेली लक्षणे उघड होतात.

प्रश्नावल्या

अस्थमा कंट्रोल टेस्ट ही पाच प्रश्नांची चाचणी १२ वर्षे व त्यापुढील वयासाठी आहे. तिचे गुण ५ ते २५ या दरम्यान असतात. २० किंवा अधिक गुण चांगले नियंत्रण दर्शवतात, १६ ते १९ गुण अपुरे नियंत्रण आणि १५ किंवा कमी गुण अत्यंत असमाधानकारक स्थिती दर्शवतात. ४ ते ११ वर्षे वयोगटासाठी सात प्रश्नांची वेगळी चाचणी असून तिच्यातील काही प्रश्नांची उत्तरे मूल स्वतः देते आणि उरलेल्यांची पालक देतात. एकाच वेळच्या गुणांपेक्षा दोन भेटींमधील गुणांतील बदल अधिक उपयुक्त ठरतो.

पीक फ्लो मीटर

खोल श्वास घेऊन तो एका झटक्यात जोराने बाहेर सोडल्यास मिळणारा सर्वाधिक वेग हे उपकरण लिटर प्रति मिनिट या एककात दाखवते. रुग्णाने शक्यतो उभे राहून तीन वेळा फुंकर मारावी आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. दमा नियंत्रणात असताना सुमारे दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी घेतल्या, की त्या व्यक्तीचा 'सर्वोत्तम आकडा' मिळतो. पुढील तुलना इतरांशी न करता या आकड्याशी करतात.

उदाहरणार्थ, एखाद्या रुग्णाचा सर्वोत्तम आकडा ४०० असेल तर त्याचे ८० टक्के म्हणजे ३२० आणि ५० टक्के म्हणजे २०० होतात. ३२० च्या वर हिरवा, २०० ते ३२० च्या दरम्यान पिवळा आणि २०० च्या खाली लाल, असे तीन टप्पे आखले जातात. सकाळ आणि संध्याकाळच्या आकड्यांतील तफावतही महत्त्वाची असते. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ३८० असे आकडे आल्यास फरक ६० आणि सरासरी ३५० होते. म्हणजे तफावत सुमारे १७ टक्के भरते. एक-दोन आठवड्यांच्या नोंदींत दैनिक तफावतीची सरासरी प्रौढांमध्ये १० टक्क्यांहून आणि मुलांमध्ये १३ टक्क्यांहून अधिक असल्यास ती जास्त समजली जाते.

काही रुग्णांना श्वासनलिका बऱ्याच अरुंद होईपर्यंत त्रास जाणवतच नाही. अशा रुग्णांना, तसेच पूर्वी अचानक तीव्र झटका आलेल्यांना, हे उपकरण विशेष उपयोगी पडते.

पुढील धोक्याचा अंदाज

सध्या लक्षणे कमी असली तरी काही बाबी पुढील धोका सूचित करतात: मागील वर्षभरात आलेला तीव्र झटका, पूर्वी कधीही अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागणे, नियमित औषध न घेणे किंवा चुकीच्या पद्धतीने घेणे, धूम्रपान, स्पायरोमेट्री चाचणीत फुप्फुसांची क्षमता बरीच कमी आढळणे, इत्यादी. तातडीच्या औषधाचा खप हाही ठळक निर्देशक आहे. २०० मात्रांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढलेला असतो. वर्षाला १२ किंवा अधिक पंप लागत असल्यास मृत्यूचा धोकाही वाढतो.

लेखी कृती आराखडा

कृती आराखडा म्हणजे रुग्णाच्या नावाने डॉक्टरांनी तयार केलेला एक-दोन पानांचा कागद. तो रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावा आणि घरातील इतरांनाही ठाऊक असावा. त्यात साधारणपणे तीन टप्पे असतात.

हिरवा टप्पा: दिवसा-रात्री लक्षणे नाहीत, कामे नेहमीप्रमाणे होतात. नियमित औषध ठरल्याप्रमाणे चालू ठेवावे.

पिवळा टप्पा: खोकला किंवा घरघर वाढली आहे, रात्री जाग येते, तातडीचे औषध पुन्हा पुन्हा लागते किंवा पीक फ्लो घटला आहे. आराखड्यात लिहिल्याप्रमाणे औषध वाढवावे आणि ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारणा न झाल्यास डॉक्टरांना भेटावे.

लाल टप्पा: धाप लागल्यामुळे पूर्ण वाक्य बोलता येत नाही, तातडीच्या औषधाने आराम पडत नाही किंवा त्याचा परिणाम लवकर ओसरतो. आराखड्यातील तातडीचे उपचार सुरू करून त्वरित रुग्णालय गाठावे. ओठ किंवा नखे निळसर होणे, गुंगी येणे आणि छातीतील घरघर अचानक थांबूनही धाप कायम राहणे ही अतिगंभीर चिन्हे आहेत. घरघर थांबणे हे अशा वेळी सुधारणेचे लक्षण नसून हवा आत-बाहेर जाणेच जवळजवळ बंद झाल्याची खूण असते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

आराखड्यात औषधांची नावे आणि मात्रा स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. पंपाचे रंग कंपनीनुसार बदलत असल्याने 'निळा पंप घ्या' अशी सूचना पुरेशी नसते.

पंप वापरण्याची पद्धत आणि नियमितपणा

'जिना'च्या मते सुमारे ७० ते ८० टक्के रुग्ण पंप योग्य रीतीने वापरू शकत नाहीत आणि दीर्घकालीन औषध सांगितलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण ते किमान काही काळ तरी सांगितल्याप्रमाणे घेत नाहीत. त्यामुळे नियंत्रण सुटल्याचे दिसताच औषध वाढवण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासल्या जातात.

दाबयुक्त पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंड ओठांनी घट्ट मिटून हळू आणि खोल श्वास घेण्यास सुरुवात करतानाच पंप दाबावा आणि नंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ न जमल्यास औषध घशातच राहते. स्पेसर ही पोकळ नळी जोडल्याने ही अडचण बरीच कमी होते; लहान मुलांसाठी तिला मास्क लावतात. कोरडी पूड असलेल्या उपकरणांत मात्र श्वास वेगाने आणि जोराने ओढावा लागतो. स्टेरॉइड घेतल्यावर पाण्याने चूळ भरून ती थुंकावी, म्हणजे तोंडात बुरशी होण्याची शक्यता कमी होते. योग्य पद्धत एकदा शिकवूनही काही काळाने विसरली जाते. म्हणून प्रत्येक भेटीत रुग्णाकडून ती करून पाहणे इष्ट मानले जाते.

औषध न घेण्याची कारणे विस्मरणापुरती मर्यादित नसतात. स्टेरॉइड या शब्दाची भीती, पंपाची 'सवय' लागेल असा समज, खर्च आणि चारचौघांत पंप काढण्याचा संकोच ही कारणे नेहमी आढळतात. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडची मात्रा गोळ्यांच्या तुलनेत फार कमी असते आणि ते मुख्यतः श्वासनलिकांतच कार्य करते. या औषधाचे व्यसन लागत नाही.

नियमित तपासणी

उपचार सुरू केल्यानंतर एक ते तीन महिन्यांनी आणि पुढे स्थितीनुसार तीन ते बारा महिन्यांनी तपासणी केली जाते. तीव्र झटक्यानंतर शक्यतो आठवडाभरात भेट घ्यावी, असे सुचवले जाते. दमा दोन ते तीन महिने चांगल्या नियंत्रणात राहिल्यास डॉक्टर औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करू शकतात. २०१९ पासून 'जिना'ने प्रौढ व किशोरवयीनांना केवळ तातडीच्या सालब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे. प्रत्येक रुग्णाला स्टेरॉइडयुक्त औषध मिळावे, हा त्यामागील हेतू आहे.

शाळा आणि विद्यार्थी

दम्याच्या विद्यार्थ्याच्या आराखड्याची प्रत वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षकांकडे असणे उपयुक्त ठरते. पंप कुलूपबंद कपाटात न ठेवता विद्यार्थ्याला तत्काळ मिळेल असा ठेवावा लागतो. खडूची धूळ, मैदानावरील माती, सहलीतील प्रवास आणि दिवाळीच्या सुमारास फटाक्यांचा धूर ही त्रास वाढवणारी निमित्ते ठरू शकतात. तथापि दमा आहे म्हणून मुलाला खेळापासून कायम दूर ठेवणे योग्य नसते. नियंत्रण चांगले असल्यास बहुतेक मुले सर्व खेळ खेळू शकतात. खेळताना वारंवार धाप लागत असेल, तर उपचारांचा फेरविचार करणे आवश्यक असते.

विविध देशांतील अनुभव

फिनलंडमध्ये १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवण्यात आला. लवकर निदान, सूज कमी करणारे उपचार आरंभापासून देणे आणि मार्गदर्शित स्वव्यवस्थापन ही त्याची मुख्य सूत्रे होती. डॉक्टर व परिचारिकांबरोबर औषधविक्रेत्यांनाही त्यात सामील करून घेण्यात आले. रुग्णांची संख्या वाढूनही दम्यासाठी रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या १९९३ मधील सुमारे १ लाख १० हजारांवरून २००३ मध्ये सुमारे ५१ हजारांवर आली.

ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय आढाव्यात १९५ मृत्यूंची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी केवळ २३ टक्के रुग्णांना वैयक्तिक कृती आराखडा दिल्याची नोंद आढळली. ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत न मागताच किंवा तातडीची मदत मिळण्यापूर्वी मरण पावले. तातडीच्या पंपांची संख्या नोंदलेल्या १६५ रुग्णांपैकी ६५ जणांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात १२ हून अधिक पंप लिहून देण्यात आले होते. धोक्याची ही खूण नोंदींमध्ये आधीपासूनच होती.

भारतातील स्थिती

जागतिक आजारभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांना दमा आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात असले, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू येथे होतात. निदानातील विलंब आणि श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा अपुरा वापर ही यामागील महत्त्वाची कारणे मानली जातात. पंपाऐवजी गोळ्या व पातळ औषधांना पसंती दिली जाते आणि त्रास झाला की दवाखान्यात नेब्युलायझरची वाफ घेऊन परतण्याची पद्धत सर्रास दिसते. विवाहाच्या वेळी अडचण येईल या भीतीने, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आजार लपवला जातो.

चुलीचा धूर, सुगीच्या दिवसांतील मळणीची धूळ, पावसाळ्यात ओल्या भिंतींवरील बुरशी आणि गाजरगवताचे परागकण ही महाराष्ट्रातील परिचित निमित्ते आहेत. हैदराबाद येथे मृग नक्षत्राच्या सुमारास दम्यावर दिल्या जाणाऱ्या माशाच्या 'प्रसादा'साठी अनेक राज्यांतून लोक जातात. त्याची परिणामकारकता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली नाही. अशा उपायांच्या भरवशावर नियमित औषध थांबवणे धोक्याचे ठरते.

परिणामकारकता आणि मर्यादा

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात स्वव्यवस्थापनाच्या शिक्षणामुळे रुग्णालयात दाखल होणे, तातडीच्या भेटी आणि रात्रीचा त्रास कमी होतो असे आढळले. स्वतः नोंद ठेवणे, लेखी आराखडा आणि डॉक्टरांकडून नियमित तपासणी या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यास लाभ अधिक होतो. केवळ माहितीपत्रक देऊन फारसा फरक पडत नाही.

रोज पीक फ्लो मोजण्याचा उत्साह काही आठवड्यांत मावळतो, त्यामुळे अनेक रुग्णांसाठी लक्षणांवर आधारित आराखडाच अधिक व्यवहार्य ठरतो. निरक्षर रुग्णांसाठी चित्रे व रंग यांचा वापर केला जातो. पंपाची किंमत आणि उपलब्धता, डॉक्टरांकडे असलेला अपुरा वेळ आणि मातृभाषेतील आराखड्यांचा अभाव या अडचणी रुग्णाच्या प्रयत्नांनी सुटणाऱ्या नसून त्यांसाठी आरोग्यव्यवस्थेची साथ आवश्यक असते.

हेही पहा

- दमा
- स्पायरोमेट्री
- नेब्युलायझर
- ॲलर्जी
- जागतिक दमा दिन